अक्साकालांच्या नंतरचं पान

जिपार एजेंनी पडद्यावरच्या पानावर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि म्हणाल्या, "हे काढून टाक."

मायरामबेक खुर्चीत पुढे सरकला. पान त्याच्या प्रबंधाच्या शेवटाकडचं होतं. वर ठळक अक्षरांत मथळा होता, 'ओरोझाली अक्साकाल यांच्या नंतर', आणि खाली एक आलेख. आलेखाची रेघ डावीकडे ऐटीत उभी होती आणि उजवीकडे जाईपर्यंत तळाला जाऊन बसली होती.

"काही चुकलंय का, एजे?"

"चुकलं असतं तर दुरुस्त कर म्हटलं असतं. बरोबर आहे, म्हणून काढायचं."

"पण हे तर तुम्हीच..."

"मी काय शिकवलं ते मला माहीत आहे, मायराम."

माहीत नसून कसं चालेल? राजधानीतल्या या क्रीडा संस्थेत त्या कितीतरी वर्षं एकच विषय शिकवत होत्या. क्रीडा व्यवस्थापनाच्या पोरांना अर्थशास्त्र आणि वित्त. पोरं म्हणजे कोण, तर गुडघा गेलेले मल्ल, वय उलटलेले धावपटू आणि खोगिरावर जन्म काढलेले घोडेस्वार. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळे त्यांना एजे म्हणायचे आणि त्यांच्या विषयाला टरकून असायचे. दरवर्षी पहिल्या तासाला त्या एकेकाला उभं करून विचारत, तुझा क्लब कोण चालवतं? पोरगं एखाद्या पैसेवाल्याचं नाव घेई. मग त्या विचारत, तो माणूस उद्या नसला तर? जिवंत माणसाच्या मरणाचं असं कुणी बोलतं का? मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास पुटपुटे, त्याचं तोंड पलीकडे वळो. अशुभ काही कानावर पडलं की आमच्यात असंच म्हणतात.

"वळलं तर चांगलंच," एजे म्हणत. "नाही वळलं तर घोड्यांना चारा कोण घालणार, तेवढं लिहून आणा."

बहुतेक जण काहीबाही खरडून आणत. मायरामबेकनं मात्र ते मनावर घेतलं आणि चौथ्या वर्षाचा सगळा प्रबंध त्यावरच लिहिला, तोही स्वतःच्या गावाच्या संघावर.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कोशबुलाकचा कोक-बोरूचा संघ एके काळी चेष्टेचा विषय होता. घोडदौडीत बकऱ्याचं धूड हिसकावून समोरच्यांच्या काझानात, म्हणजे कढईसारख्या गोलात, टाकायचं, असा हा रांगडा खेळ. त्याला घोडे लागतात आणि छातीची पोरं लागतात. कोशबुलाककडे घोडे म्हणजे दूधवाल्याचे होते आणि पोरं मॉस्कोत विटा उचलत होती. मग ओरोझाली अक्साकालांनी, म्हणजे गावच्या मानाच्या वडीलधाऱ्यांनी, मनावर घेतलं. मालट्रकांच्या धंद्यात त्यांनी पैसा केला होता. त्यांनी घोडे घेतले, तबेला बांधला, पोरांना पगार लावला. विटा टाकून पोरं परत आली. त्यांत मायरामचा थोरला भाऊ होता. आता संघाचं नाव झालं होतं, गावात लग्नं होत होती, शाळेत नवे वर्ग निघाले होते, आणि हे सगळं एका माणसाच्या खिशावर चाललं होतं. मायरामनं हे नीट मांडलं होतं. पदवी घेऊन तो त्याच संघाचा व्यवस्थापक होणार होता.

घोळ सकाळी झाला होता. तोंडी परीक्षेला अध्यक्ष म्हणून दरवर्षी एक बँकवाले येत. ते ऐनवेळी लेकीकडे परदेशी गेले. तेव्हा डीन एसेनगुल यांनी अध्यक्ष म्हणून बोलावलं कुणाला, तर खुद्द ओरोझाली अक्साकालांना. कुस्तीच्या हॉलवरचं नवं छप्पर अक्साकालांच्याच कृपेचं होतं आणि डीनना आता त्या हॉलला गरम पाण्याची सोय हवी होती.

"त्यांना राग येईल असं वाटतं तुम्हाला?" मायरामनं विचारलं.

"सत्तरीच्या माणसाला त्याच्या तोंडावर त्याचं मरण आलेख काढून दाखवणार तू? आणि उद्या त्यांनी हात आखडता घेतला तर? तुझा भाऊ पुन्हा मॉस्कोच्या गाडीत बसेल."

मायरामनं पान निवडलं आणि पुसून टाकलं. आलेख गेला, आधीचं पान आणि नंतरचं पान एकमेकांना येऊन चिकटली, मध्ये काही होतं याची खूणसुद्धा राहिली नाही. जिपार एजेंना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचं वाईटही वाटलं. घरी जाताना बाजारातून त्यांनी मुळे घेतले आणि पिशवी तिथंच ओट्यावर विसरून आल्या.

डीन एसेनगुल यांना तसाही त्यांचा विषय खुपत होता. ते स्वतः एके काळचे मल्ल, मनानं मोकळे, पण हिशेबाचं नाव काढलं की जांभई देणारे. "एजे, मल्लाला चक्रवाढ व्याज कशाला?" असं ते चारचौघांत विचारत. पुढल्या वर्षापासून अर्थशास्त्राचे तास निम्मे करून तिथं जाहिरात आणि प्रसिद्धीचा विषय आणायचा त्यांचा बेत होता. सोमवारी सभा होती. या परीक्षेत एजेंच्या विद्यार्थ्यानं चमक दाखवली तर बोलायला जागा होती, नाहीतर नव्हती.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या खोलीत टेबलावर तळलेल्या बोरसोकांची रास होती, जर्दाळू होते, आणि डीननी खास गावाकडून मागवलेलं घोडीच्या दुधाचं ताजं कुमिस होतं. ओरोझाली अक्साकाल आले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. अंगानं आडदांड माणूस, पण या खेपेला कोट खांद्यांवरून लोंबत होता आणि पांढरी कलपाक टोपी कानांपर्यंत उतरली होती. डीननी वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला. अक्साकालांनी तो ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला.

"काय हो, आवडलं नाही?"

"आवडायला काय झालं? सुरुवात करा."

मायराम छान बोलला. कोक-बोरूला तिकीट का लावता येत नाही, हे त्यानं आधी सांगितलं. सामना असतो कुणाच्या तरी समारंभात. यजमान पाहुण्यांकडून पैसे घेत नसतो, घेतले तर सात गावं थुंकतील. मग पैसा यायचा कुठून? उन्हाळ्यात डोंगर बघायला येणाऱ्यांसाठी घोडेस्वारीची शाळा काढायची. जातिवंत घोड्याकडे माद्या आणणाऱ्यांकडून शुल्क घ्यायचं. संघाच्या रंगाचे सदरे विकायचे. डीन दोनदा खूश होऊन अक्साकालांकडे वळले. अक्साकाल डोळे मिटून ऐकत होते. झोपले की काय, असं जिपार एजेंना वाटलं.

बोलणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"मला एक सांग पोरा. घोडे कुठे धरलेस तू?"

"संपत्तीत, अक्साकाल."

"कुणाच्या?"

"संघाच्या... म्हणजे, कागदावर ते तुमच्या नावानं आहेत."

"हां. माझ्या नावानं." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "मग मी नसलो की?"

डीन आधी भानावर आले.

"अक्साकाल, असलं काही तोंडातून काढू नका. त्याचं तोंड पलीकडे वळो. शंभर वर्षं जगा, आमच्या नातवंडांना पदव्या द्या."

"मी याला विचारतोय."

मायरामनं भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. तिथं सदऱ्यांची किंमत लिहिलेली होती.

"याचा मी विचार केलेला नाही."

"चार वर्षांत?"

"नाही केला."

अक्साकाल एजेंकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दवाखान्याच्या खिडकीशी नंबर लावून उभं राहावं आणि खिडकी बंद व्हावी, तसा काहीसा तो चेहरा होता.

"बाई, हे शिकवत नाही का तुम्ही?"

डीन एसेनगुल भुवयांनी काहीतरी सांगत होते. ते काय सांगत होते, हे एजेंना समजायला अवघड नव्हतं. वेळ कमी पडला म्हणा, विषय अभ्यासक्रमात नाही म्हणा, काहीही म्हणा. यातलं काहीही म्हटलं असतं तरी खपलं असतं. सोमवारची सभा त्यांना आठवली. मायरामच्या कपाळावरचा घामही त्यांनी बघितला. हा घाम आपल्यामुळे आलाय, एवढंच तेव्हा त्यांच्या मनात आलं.

त्या उठून उभ्या राहिल्या.

"शिकवते. पहिल्या तासालाच शिकवते. या मुलानं ते लिहिलंही होतं, सगळ्यांत चांगलं लिहिलं होतं. काल मी त्याला काढायला लावलं."

"का?"

"तुम्ही येणार म्हणून."

डीननी कपाळाला हात लावला. अक्साकालांनी टेबलावरची आपली टोपी उचलून बघितली आणि परत ठेवली.

"म्हणजे तुमच्या विद्येपेक्षा माझी टोपी मोठी ठरली म्हणायची."

"काल तरी ठरली," एजे म्हणाल्या.

"बरं. आज ती खाली ठेवली आहे. पोरा, पान नसेल तर नसू दे. तोंडानं सांग. किती दिवस चालेल माझ्यामागं हा संघ?"

मायरामनं एजेंकडे बघितलं. त्यांनी मानेनंच हो म्हटलं.

"चाळिसाव्या दिवसाच्या जेवणापर्यंत," तो म्हणाला.

"चाळिसाव्यापर्यंत?" अक्साकालांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. "मला वाटत होतं, एखादा हंगाम तरी निघेल."

"नाही निघणार. घोडे तुमच्या मुलांचे होतील. एक मॉस्कोत आहे, एक इथं शहरात. दोघांनाही तबेल्याशी देणंघेणं नाही. काही घोडे दुखवट्याला आलेल्यांच्या जेवणाला जातील, काही वाटणीत जातील, बाकीचे बाजारात. आणि तोरू..." तो अडखळला.

"बोल ना."

"तोरू घोड्यावर तुमचा जीव आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तो वर्षाच्या जेवणाला कापतील. घोडे गेले की पगार नाही. पोरं आधीच निघालेली असतील. मीच नावानिशी मांडून बघितलं, कोण कधी जाईल. आमच्या घरात माझा भाऊ सगळ्यांत आधी जाईल. त्याची बायको दुसऱ्यांदा गरोदर आहे."

"तोरू," अक्साकाल म्हणाले. "बरोबर आहे. मीही माझ्या बापाच्या जेवणाला त्याचा घोडा घातला होता. लोक अजून नाव काढतात. माझ्या पोरांनी नाही घातला तर गाव म्हणेल, बापाला धड पोचवलासुद्धा नाही."

"म्हणूनच ते ठरवायला तुम्ही हवेत," मायराम म्हणाला. आता त्याचा आवाज ताळ्यावर आला होता. "घोडे संघाच्या नावावर करायचे, तुम्ही असतानाच. गावातल्या पाच घरांनी मिळून संघ धरायचा. तुमचा वाटा दरवर्षी थोडा थोडा कमी करत न्यायचा, म्हणजे संघाला स्वतःच्या पायांवर उभं राहायची सवय लागेल. तोरूबद्दल तुम्ही तुमच्या तोंडानं सांगून ठेवलंत तर कुणी मुलांना नावं ठेवणार नाही. मी वर्षं मांडून बघितलीत. चार वर्षं मिळाली तर संघ जगतो."

"चार."

"तीनमध्येही होईल कदाचित. ओढाताण होईल."

अक्साकालांनी बोरसोकाचा एक तुकडा तोडला, तो बोटांत धरून बसले, आणि मग बशीच्या कडेला ठेवून दिला.

"एसेनगुल, गुण कसे देता तुम्ही?"

"पाचापैकी, अक्साकाल. मी म्हणतो, पाच देऊन टाकू. काय?"

"चार द्या. एक पान लपवलं त्यानं."

मायराम हसला, आणि मग हसावं की नाही हे न कळून गप्प झाला. बाहेर गेल्यावर मित्रांनी त्याला उचलून धरलं. त्यांच्या आरडाओरड्याचा आवाज बराच वेळ जिन्यातून येत होता. डीन एजेंच्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "घाम फोडलात की मला. सोमवारी बोलू." बोलू म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. एजेंनी विचारलंही नाही.

त्या कागद आवरून खाली आल्या तेव्हा अक्साकाल आवारातल्या बाकावर बसलेले होते. गाडी फाटकाशी उभी होती. चालक दार उघडून वाट बघत होता, पण अक्साकालांना घाई दिसत नव्हती. त्यांनी बाकावरची जागा हातानं झटकली.

"बस, मुली."

वर खोलीत त्यांनी बाई म्हटलं होतं. एजे पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. मुली म्हणणारं त्यांना आता फारसं कुणी उरलं नव्हतं. त्या बसल्या.

"रविवारी माझ्याकडं येशील? पोरं येतायत दोघं. मॉस्कोवालासुद्धा. मी बोलावलंय."

"घोड्यांसाठी?"

"घोड्यांचं बोलायला, हो. त्या पोरानं आत सांगितलं तसं त्यांना सांगायचं."

"मग मायरामलाच बोलवा, अक्साकाल. माझ्यापेक्षा चांगला सांगेल तो. त्याचं स्वतःचं काम आहे ते."

"पोरगं गावचं आहे. उद्या त्याला माझ्या पोरांबरोबर दिवस काढायचेत. हे त्याच्या तोंडून आलं तर ते त्याला जन्मभर विसरणार नाहीत." त्यांनी टोपीची कड बोटांनी सरळ केली. "आणि मी सांगू शकत नाही. प्रयत्न केला. दोनदा फोन उचलला आणि पावसापाण्याचं बोलून ठेवला. हे घरच्यानं सांगायचं नसतंच मुळी. परकं माणूस लागतं, वयाचं, तोंडावर ताबा असलेलं. तुला काय सांगायचं ते?"

जिपार एजेंना सांगायची गरज नव्हती. त्यांचा नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेला तेव्हा ही बातमी घेऊन कुणी सासरचं आलं नव्हतं. शेजारच्या आळीतला एक म्हातारा शिक्षक आला होता. मानानं निवडून पाठवतात तसा. तो दारात बसून हातावरून उडालेल्या ससाण्याबद्दल बोलत राहिला, बराच वेळ, शब्द जोखून जोखून, आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत त्यांना सगळं कळून चुकलं होतं. अजूनही त्यांना त्या म्हाताऱ्याचा राग येत नव्हता. असं सांगणारं माणूस मिळणं हे नशीबच असतं. पण ते गेलेल्या माणसासाठी पाठवतात. त्यांनी बाजूला बघितलं. अक्साकालांचा कोट खांद्यांवरून का लोंबतोय, वाडगा भरलेला का राहिला, परीक्षेत त्यांनी तो प्रश्न का धरून ठेवला, हे सगळं त्यांना एकदमच समजलं.

"मला ससाण्याबिसाण्याचं बोलता येत नाही, अक्साकाल," त्या म्हणाल्या. "मी आकड्यांची बाई आहे."

"म्हणूनच तुला म्हणतोय. ससाण्याचं ऐकलं तर धाकटा मध्येच उठून जाईल. तू संघाचंच बोल. घोडे, चारा, पगार. वर्षं मांड आणि कुठं काय तुटतं ते दाखव. थोरला हुशार आहे. त्याच्या लक्षात येईल की बाई चार वर्षांचं का बोलत नाहीये."

आतून कुणीतरी खिडकी लावली. चालकानं गाडीचं दार हळूच मिटलं आणि तो लांब जाऊन उभा राहिला. एजेंना रडू येत होतं आणि ते या माणसासमोर येऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, आणि नुसताच हातात धरला.

"हिशेबाला मुदत लागते," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात असतो तसाच होता. "मुदत धरल्याशिवाय मांडता येत नाही. किती धरू?"

अक्साकालांनी थोडा विचार केला. विकत घ्यायच्या मालाचं वजन करावं तसा, काटेकोर.

"पहिला बर्फ धर. वसंतातला नवरोज नको धरू."

"बरं."

"जमेल तेवढ्यात? संघाचं?"

"ओढाताण होईल. पण मायराम आहे. पाच घरं आताच धरली पाहिजेत, उद्यापासून. घोडे या महिन्यात नावावर करायचे." त्या थांबल्या. "रविवारी कधी सांगू मी? जेवणाआधी की नंतर?"

"नंतर," अक्साकाल म्हणाले आणि टोपी डोक्यावर घालून उठायला लागले. "धाकट्याचं लहानपणापासून असं आहे. मनाला काही लागलं की तो जेवत नाही."